मागच्या टेम्पोतून दिसलेली बना

सांगलीच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि इंग्रजीतून सुरुवात केली. मी म्हणालो, "साहेब, मी टेम्पो चालवतो. सरळ सांगा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "घरी न्या आता." बास, एवढंच. आत आलो तर बना माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. आमचा पोरगा संजय कुपवाडवरून कार घेऊन आला होता, पण तिला सीटला टेकतासुद्धा येत नव्हतं. अँब्युलन्स बोलावतो म्हणाला, तर खाटेवरून आवाज आला, "आवं डायवर, तुमचा टेम्पो कुठं हाय?" लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण बायकोनं मला कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. डायवरच.

हौद्यात गादी टाकली, त्यावर गोधडी. संजय तिच्या उशाशी बसला. मी फाळका लावायला मागं गेलो, तेव्हा ती वर आभाळाकडं बघत म्हणाली, "बसले बघा शेवटी तुमच्या गाडीत."

मी म्हणालो, "झोपलीयास तू. बसली न्हाईस. झोपलेलं धरत न्हाईत."

हसली. हसताना पोटात कळ आली, तरी हसली. सांगलीपासून आमच्या पलूसपर्यंत मी टेम्पो दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिला नाही. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, नांद्र्याजवळ एका ट्रॅक्टरवाल्यानं आईवरून शिवी दिली. दे म्हटलं. मी अख्खं तरुणपण ह्याच वेगानं ह्या बाईच्या मागं गाडी चालवली होती. फरक एवढाच की आज ती माझ्या मागं होती...

हे 'बसणं' काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सायकलच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागं एक टेम्पो असतो. ज्याची ताकद संपली, ज्याला शर्यत सोडायची आहे, त्यानं त्या टेम्पोच्या हौद्यात चढायचं, सायकलही आत टाकायची. त्याला म्हणतात 'बसला'. आणि पुढं कुणी घोळका फोडून एकटा निघाला की म्हणतात 'सुटला'. एवढे दोनच शब्द. तो मागचा टेम्पो माझा. माझ्या हौद्यात दांडगी दांडगी पोरं बसली, रडत बसली, ओकत बसली. बनाबाई कधी बसली नाही.

ती गेल्यावर पेपरात चार ओळी आल्या. फोटो तिचाच होता, एवढं नशीब. पण वर लिहिलं होतं, 'घाटाची राणी हरपली'. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण तेवढं वाचता येतं. घाटाची राणी? अहो, घाटात ती रडायची. रस्ता बांधणाऱ्याला, डोंगराला, मला, सगळ्यांना शिव्या द्यायची. तिनं हे वाचलं असतं तर हसून पोट धरलं असतं. पेपरवाल्यांना फोन केला, म्हटलं चूक झालीया. ते म्हणाले, काका तुम्हीच लिहा, पुरवणीत छापू. म्हणून लिहितो आहे. शुद्धलेखन तुम्ही बघा, बाकीला हात लावू नका.

शर्यतीत दोन तऱ्हेची माणसं असतात. एक हडकुळी, वाऱ्यासारखी घाट चढणारी. दुसरी जाड मांड्यांची, जी घाटात मरतात, पण सपाटीला घोळक्यात आली की शेवटच्या पल्ल्यात कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. त्यांना स्प्रिंटर म्हणतात. बना ही दुसऱ्या तऱ्हेची. आणि नुसती हौस म्हणून नाही, तिनं त्यावर पोट भरलं.

पहिल्यांदा दिसली ती वर्धनगडच्या घाटात. म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा होती आणि त्यानिमित्त तिथल्या तालमीनं साताऱ्यापासून म्हसवडपर्यंत शर्यत ठेवली होती. आधी पोरांना सोडलं, मग पोरींना. पोरी मोजक्याच. मी तेव्हा मालकाचा टेम्पो चालवायचो. मला एकच नियम सांगितला होता, शेवटच्या सायकलीच्या पुढं टेम्पो न्यायचा नाही. घाट लागला आणि शेवटची सायकल हिची. भावाची हाफपँट, वर शाळेचा शर्ट, आणि सायकलीला मागं कॅरिअर तसंच. काढायला पाना मिळाला नव्हता म्हणे. बैलगाडीच्या वेगानं चढत होती. मी खिडकीतून डोकं काढलं.

"बसतीस का? पुढं घाट अजून लय हाय."

"काय हाय तुमच्या टेम्पोत?"

"दोन पोरी बसल्यात आधीच. लिंबू सरबत हाय."

"मग त्यास्नीच पाजा. आन् ह्यो हॉर्न वाजवू नका, बकरं बुजल्यावाणी हुतंय मला."

मी हॉर्नवरचा हात काढला आणि मागून टेम्पो हळू चालवत राहिलो. वरच्या वळणावर तिनं उतरून सायकल ढकलावी असं मलाच वाटायला लागलं, इतकी तिची दशा होती. उतरली नाही. माथ्यावर पोचली, तोंडावरचा घाम बाहीनं पुसला आणि वळून म्हणाली, "डायवर, या आता मागनं. जमलं तर." आणि गेली. दिसेनाशीच झाली. हौद्यातली एक पोरगी ओकायला लागली, मला थांबावं लागलं. पुसेगाव, दहिवडी करत मी म्हसवडला पोचलो तेव्हा रस्त्याला जत्रा फुललेली आणि लोक ओरडत होते. कडेला एक फेटेवाला म्हातारा उभा होता, त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "आवं, आमच्या धनगराची पोर सुटली! सुटली ती गावलीच न्हाई कुणाला!"

मी विचारलं, "कितवी?"

म्हातारा माझ्यावरच खेकसला, "कितवी म्हंजी? पयली!"

पुढं किती शर्यती झाल्या, मी मोजल्या नाहीत. पण हे बोलणं ठरूनच गेलं. मी सगळ्यांच्या मागून यायचो. तोपर्यंत शेवटची रेघ ओलांडून सगळे मोकळे झालेले असायचे, कधी बक्षीससुद्धा वाटून झालेलं असायचं. गावात शिरलो की रस्त्याकडेच्या पहिल्या माणसाला मी खिडकीतून विचारायचो, सुटली का? तो म्हणायचा, सुटली. मग मी विचारायचो, कितवी? पुढं पुढं लोकांना माहीत झालं. मी विचारायच्या आधीच बोट वर करून दाखवायचे. एक बोट. कधी दोन.

माझ्या बायकोची एकही जिंकलेली शर्यत मी डोळ्यानं बघितलेली नाही. पेपरवाल्यांनी हे लिहायला पाहिजे होतं.

तिचं माहेर म्हसवडच्या पलीकडं, माळावर. बाप मेंढरं घेऊन वर्षातले कित्येक महिने कृष्णाकाठाला जायचा आणि जवळपासच्या मुक्कामाला असला की बना सायकलवरून भाकरी पोचवायची. वाड्याजवळ, म्हणजे मेंढरांच्या तळाजवळ, आली की मेंढपाळाची ती लांडग्यासारखी कुत्री तिच्या अंगावर धावायची. घरचीच कुत्री, पण सायकल त्यांना चालायची नाही. मग शेवटचा पल्ला हिला जीव खाऊन मारावा लागायचा. नंतर मोठमोठे लोक विचारायचे, बनाताई, तुमचे प्रशिक्षक कोण? ही सरळ तोंडानं सांगायची, "दोन कुत्री. एक काळं, एक पांढरं." लोकांना वाटायचं गंमत करते आहे.

मागणी मीच घातली. तिच्या बापानं आधी हातातल्या काठीकडं बघितलं आणि मग मला चहा दिला. आमच्या घरी मात्र महाभारत झालं. जातीवरून झालं, सायकलीवरून झालं. आई म्हणाली, "आरं, मांड्या बघितल्यास का तिच्या? पैलवान आणतोयस का सून?" हे बनाच्या कानावर गेलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आईचा पाय मुरगळला आणि दवाखाना लांब. टेम्पो घेऊन मी बाहेरगावी. बनानं सासूला सायकलीच्या कॅरिअरवर बसवलं आणि पलूसच्या बाजारपेठेतून अशी पळवली की आई दोन्ही हातांनी सुनेला मिठी मारून, डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. उतरल्यावर बना म्हणाली, "आत्या, कशा हायत पैलवानाच्या मांड्या?" आई पुढं मरेपर्यंत आल्यागेल्याला ही गोष्ट सांगायची, आणि सांगताना स्वतःच हसून बेजार व्हायची.

कुपवाडच्या एका कारखान्याच्या मालकाला सायकलीचं वेड होतं. त्यानं बनाला नोकरीवर घेतलं. काम काय, तर सायकल चालवायची. कारखान्याचं नाव छातीवर लिहून शर्यतीला जायचं. पहाटे कामगार आपापल्या सायकलवरून, लुनावरून पाळीला यायचे, तेव्हा ही त्यांच्या उलट्या दिशेनं सरावाला निघायची. माणसं ओरडायची, "बनाबाई, आमाला बी असली नोकरी बघा की!" ती म्हणायची, "घाटात चला माझ्यासंगं, मग मागा." तिनं पंजाबात शर्यती मारल्या, दिल्लीत मारल्या, खाली बंगलोरला मारल्या. घोळक्यातून शेवटी जागा काढताना कोपर मारावं लागतं आणि कोपर खावंही लागतं. गळ्याखालचं हाड दोनदा मोडलं. एकदा तोंडावर आपटली, दोन दात गेले. मला म्हणाली, "बरं झालं, लगीन आधी झालंया." हे सगळं मला ऐकून माहीत. लांबच्या शर्यतींना मी नसायचो. जवळच्यांना असायचो, पण मागं.

लोक म्हणायचे, अरे, नवरा तू तिचा, एक दिवस टेम्पो दुसऱ्याकडे दे आणि रेघेजवळ उभा राहा. मलाही वाटायचं. तिला एकदा तसं बोललो. ती पायाला तेल लावून घेत होती. शर्यतीनंतर तिच्या पिंढऱ्या मीच चोळायचो. ती म्हणाली, "नगं. तुमी मागंच बरं. दुसऱ्या कुणाचा टेम्पो असंल तर घाटात मी कवाच बसंन. तुमच्यात कशी बसू? घरात तोंड कसं दावू मग?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आणि मग ती पाचगणीची निवड. देशाच्या संघात घ्यायच्या मुलींसाठी शर्यत होती आणि कुणाच्या डोक्यात काय आलं, शेवटची रेघ ठेवली पसरणीच्या घाटाच्या वर. वाईतून निघायचं आणि सरळ डोंगर. स्प्रिंटरला डोंगराच्या टोकावर रेघ म्हणजे माशाला झाडावर चढ म्हटल्यासारखं. वर पोचायला वेळ बांधून दिलेली, त्यानंतर येईल ती बाद. तिला हे आदल्या दिवशी कळलं. मी म्हणालो, जाऊ नको. ती म्हणाली, "बोलावलंया न्हवं? मग जायाचं."

पहिल्या वळणालाच पोरींनी तिला मागं टाकलं. मग राहिलो ती आणि मी. मधे फक्त रस्ता. ती नागमोडी चालवत होती, या कडेपासून त्या कडेला, चढ तेवढाच कमी व्हावा म्हणून. मला तिचं श्वास घेणं टेम्पोच्या आवाजातसुद्धा ऐकू येत होतं. जीपमधून एक साहेब खाली आला, माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "वेळ संपत आली, बसवा तिला." मी म्हणालो, "तुमीच सांगून बघा." तो तिच्या बाजूला गेला, काहीतरी बोलला, तिनं काय उत्तर दिलं कोण जाणे, जीप गुमान वर निघून गेली. 

वर पोचलो तेव्हा वेळ कधीच संपली होती. कापडी कमान उतरवून गुंडाळलेली. टेबलं ट्रकात चढवत होते. फिरायला आलेली माणसं मक्याची कणसं खात रस्त्यातून हिंडत होती. रस्त्यावर फक्कीची रेघ तेवढी राहिलेली, तीही गाड्यांच्या चाकांनी अर्धी पुसलेली. बनानं ती रेघ लांबून बघितली. आणि सीटवरून उठली.

काय सांगू... मी कुस्त्या बघितल्यात, बैलांच्या शर्यती बघितल्यात. तसलं काही बघितलं नाही. तिची पाठ एकदम रुंद झाली. हातातली सायकल डावी-उजवीकडं अशी आपटत होती, जसं बांधलेलं दांडगं करडू दाव्याला हिसके देतं. कणीस खाणारी माणसं बाजूला पळाली. ट्रकात टेबल चढवणारा टेबल धरून तसाच उभा राहिला. ज्या बाईला मघाशी पाय उचलवत नव्हता, ती त्या पुसलेल्या रेघेवरून अशी गेली, की तिला धरायला पुढं कुणी नाही आणि मागं कुणी नाही, फक्त मी.

मी टेम्पो थांबवून धावत गेलो. ती सायकलीवर ओणवी, तोंडातून लाळ गळत होती. मान वर करून मला म्हणाली, "दिसली का?"

मी म्हणालो, "काय?"

"स्प्रिंट. तुमाला कवा बघाय मिळत न्हवती न्हवं? तुमच्यासाठी मारली."

मग रडली. निवड हुकल्याचं ते रडणं होतं, मला कळत होतं. ती संघात कधीच गेली नाही. पण आधी ते बोलली आणि मग रडली.

त्यानंतरही सपाटीच्या रस्त्यावर बरीच वर्षं तिनं कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. संजय झाला, तो चालायला लागला आणि ही परत शर्यतीला उभी. लहानपणी संजय माझ्या शेजारी टेम्पोत असायचा. पुढं कारखान्याचा मालक वारला, त्याच्या मुलांना सायकलीचं वेड नव्हतं. बनाला त्यांनी पॅकिंगमध्ये घेतलं. तिनं तक्रार केली नाही. कामावर सायकलनंच जायची. निवृत्त झाल्यावर पलूसमध्ये भाजी आणायलाही सायकलनं, आणि बाजाराच्या कोपऱ्यापाशी कुणी पोरगं मोटारसायकलवरून शेजारी आलं की म्हातारी उगाच सीटवरून उठायची.

मग पोटात गाठ निघाली. सगळ्यात आधी तिच्या मांड्या गेल्या. एवढ्या मांड्या... माझ्या आईनं नावं ठेवलेल्या. महिन्या-दोन महिन्यांत माझ्या दोन्ही पंजांत मावायला लागल्या. सांगलीहून आणल्यावर मी रोज सकाळी तिच्या पायांना तेल लावायचो, शर्यतीनंतर लावायचो तसंच. तिला बरं वाटायचं की माझं मन राखायची, माहीत नाही. माझ्या डोक्यात मात्र तिचं ते बोलणं अडकलं होतं. बसले बघा शेवटी. आयुष्यात 'बसले' असं तिनं कधी म्हटलं नव्हतं, ते म्हटलं. एक दिवस तेल लावताना म्हणालोच, "बने, त्या दिवशी बसले म्हणालीस ते मागं घे."

"डायवर, अजून तेच धरून बसलाय व्हय?"

"मागं घे म्हणतो."

तिनं डोळे मिटले. म्हणाली, "बघू की. रेघ तर यिऊ द्या."

शेवटच्या सकाळी तिला जरा हुशारी वाटत होती. दोन चमचे चहा घेतला. संजय उशाशी होता, शेजारची शांताक्का आली होती. मला म्हणाली, "आवं डायवर, सायकलीत हवा हाय का बघा. मागच्या चाकात कमी वाटतीया." सायकल पडवीत भिंतीला टेकवलेली. तिच्यावर बसून तिला वर्ष होऊन गेलं होतं, खाटेवरून मागचं चाक दिसतही नव्हतं. पण सांगितलं म्हणून मी पंप घेऊन सायकल अंगणात काढली. पुढच्या चाकात भरली. मागच्याला पंप लावला, दाबायला लागलो. खरंच कमी होती हवा. अर्धी भरली असेल नसेल, शांताक्का दारात आली. पदर तोंडाला.

"दाजी... सुटली ओ."

आणि माझ्या तोंडातून गेलं, "कितवी?"

मी मुद्दाम नाही बोललो. आपोआप गेलं. शांताक्का पदर तोंडावरून खाली घेऊन माझ्याकडं बघतच राहिली, म्हातारा कामातून गेला असंच तिला वाटलं असणार. मी पंपाची मूठ धरून तसाच ओणवा. ह्या खेपेलाही मी रेघेवर नव्हतो... तेवढ्यात तिच्या मागून संजय बाहेर आला. हा माझ्या टेम्पोत बसून लहानाचा मोठा झालेला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "पयली, आबा. पयली आली."

दहाव्याला, तेराव्याला माणसं आली, सगळी तेच म्हणत होती, लय सोसलं, सुटली बिचारी. त्यांचा अर्थ त्यांच्यापाशी. मी नुसती मान हलवत होतो.

आता सांगलीचे काही सायकलवाले आले होते. त्यांना तिची सायकल पाहिजे, काचेत ठेवणार म्हणतात, नव्या पोरींना बघायला. ठेवा म्हटलं. संजय म्हणाला, आबा, टेम्पोत टाकून पोचवू. मी नाही म्हणालो. हौद्यात बसलेल्यांच्या सायकली असतात, तिची त्यात जाणार नाही. मी हातात धरून चालत नेणार आहे. संजय म्हणतो, तुमचे गुडघे बघा, वय बघा. बघितलं. पण पलूस ते सांगली रस्ता सपाट आहे, घाट नाही. मागून कुणाला हॉर्न वाजवायचा असेल त्यानं वाजवावा.

सायकल अजून अंगणातच आहे, त्या सकाळी होती तिथं. पंपही तिथंच. निघायच्या आधी मागच्या चाकात हवा भरायला पाहिजे. रोज सकाळी जातो, मूठ धरतो... अर्धीच आहे अजून.